बँड तर बँडच हाय की

"भावजी, तुमचे दोस्त गेले..." दिगंबरच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होतो. बिलोलीत भर दुपारी वरात निघाली होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट अंगात, तोंडाला क्लॅरिनेट. दिगंबर वाजवता वाजवता खाली बसला, तो उठलाच नाही. नवरदेवाची माणसं म्हणे बाकीच्यांना, वाजवत राहा, म्हणत होती. पाच आठवडे झाले, माझा संताप उतरत नाही. त्यांच्यावरचा... आणि स्वतःवरचाही.

आम्ही नायगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी शिकून लातूरला इंग्रजीचे क्लास काढले, तो वडिलांच्या बँडमध्ये राहिला आणि पुढे बँडमास्तर झाला. मला मात्र तो 'सर'च म्हणायचा. शिव्या दिल्या तरी ऐकायचा नाही. दोन वर्षांमागे एसटीनं लातूरला आला, हातात पेपरातलं कात्रण. नवोदित बँडसाठी राष्ट्रीय पुरस्कार. फॉर्म इंग्रजीत. लग्नातली तीच ती गाणी वाजवून त्याला वीट आला होता. बँडमधले चौघे निवडून त्यानं नवा ग्रुप केला होता, स्वतःच्या चाली बसवल्या होत्या. एकदा तरी लोकांनी नाचायचं थांबून आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

"समदे भरून राहिले, सर. आपला बी भरा की."

मी खो खो हसलो. "अरे खुळ्या, हा बँड येगळा! गिटारवाल्या पोरांचा. वरातीतल्यांचा न्हाई. अन् पन्नाशीला टेकलेला तू कसला रे नवोदित?"

"बँड तर बँडच हाय की," तो पुटपुटला. मग चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली आणि गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

त्या पुरस्काराचे नियम मी परवा वाचले. पहिल्यांदा! वाद्य कोणतंही चालेल, वयाची अट नाही, ग्रुप नवा हवा, चाल स्वतःची हवी. एकेक ओळ दिगंबरला लागू. इंग्रजी शिकवणाऱ्यानं न वाचता ठोकून दिलं आणि त्या बिचाऱ्यानं ते खरं धरलं. पुरस्कार मिळालाच असता असं मी म्हणत नाही. पण दार मी लावलं, हे खरं.

मागच्या रविवारी नायगावला गेलो. वहिनींनी त्याचा मोबाइल पुढं केला. "ते कात्रण घेऊन तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड केलं होतं हे. ऐकवलं न्हाई का तुमाला?"

चार-पाच मिनिटांची चाल. संथ, वरातीत कुणी वाजवू देणार नाही अशी. माझ्या मोबाइलवर घेतली आहे, रोज ऐकतो. चाल संपते. कुणीतरी विचारतं, "मास्तर, जमलं का?"

आणि दिगंबर धापा टाकत म्हणतो, "मला काय कळतंय? उद्या सरला इचारतो."