मी उपवास सांगितला

वांद्र्याला मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली माझी लेक सकाळी दहाला मुलुंडच्या घरी आली, ती भिंत धरतच. अंग नुसतं भाजत होतं. आम्ही मूळचे मालवणकडचे. ताप म्हटला की आमच्याकडे घाम काढायचा. मी तिला दोन गोधड्यांत गुंडाळलं, वर मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. शहाणी ना मी!

तिची जीन्स धुवायला टाकताना खिशात प्लास्टिकची पुडी लागली. आत गुलाबी गोळीचा अर्धा तुकडा. पुडी पर्समध्ये कोंबून धावत आले, तर पोरीचा जबडा आवळलेला, हातपाय ताठ. मी किंचाळले. शेजारच्या काकूंनी रिक्षा थांबवली आणि त्याही सोबत बसल्या. त्यांच्याच भाच्यासाठी लेकीची बोलणी चालली होती.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोधडी ओढून फेकली. "काय घेतलंय हिने?"

"काही नाही हो. संकष्टीचा कडक उपवास आहे तिचा."

काकूंनी कौतुकाने मान हलवली. मेलं माझं तोंड! पर्स मी छातीशी घट्ट धरलेली.

बर्फाच्या पिशव्या आल्या, सलाइन लागलं. ताप हटेना. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, मला पोलिसांशी घेणंदेणं नाही. हल्ली रोज नवं काहीतरी बनवून विकतात. काय घेतलंय ते कळलं तर औषध नीट देता येईल. वेळ नाहीये."

पडद्याआड पोरीचे दात करकरत होते. तो आवाज मला सहन होईना. काकूंच्या देखत पर्स उघडली आणि पुडी डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवली. काकू उठून बाहेर गेल्या. गेल्या तर गेल्या.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी वेगळं इंजेक्शन दिलं. किडन्यांचं काही खरं नव्हतं, चार दिवस मी लघवीची पिशवीच बघत बसले. पाचव्या दिवशी लेक नीट बोलली. मी तिला झापणारच होते, चांगली तयारी केली होती.

ती म्हणाली, "आई, मला सगळं ऐकू येत होतं गं. फक्त तोंड उघडत नव्हतं. तू उपवास म्हणालीस ना, तेव्हा वाटलं, आता मी मरणार."