अक्काची भिंत

अक्का बोलताना हात हलवत नसे. भांडतानासुद्धा दोन्ही हात मांडीवर ठेवून भांडायची. "आमच्या घरात हात नाचवून बोललेलं चालत न्हाई," एवढंच सांगायची. नांदेडला कॉलेजच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. वयानं थोडी मोठी म्हणून सगळ्याच मुली तिला अक्का म्हणत.

अशा मुलीला वेड होतं ते माणसाच्या हालचालीवर उमटणाऱ्या चित्रांचं. कॅमेऱ्यासमोर आपण हात उचलला की प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर रेषा उगवायच्या, वळायच्या, दर वेळी नव्या. प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. गॅदरिंगला मुली त्या भिंतीपुढं नाचून नाचून दमल्या. अक्का कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती.

परीक्षा संपली आणि असंच काम करणाऱ्या बंगळूरच्या एका स्टुडिओतून तिला बोलावणं आलं. ती घरी सांगायला म्हणून उदगीरला गेली, ती तिथंच राहिली. तिचे वडील, अप्पा, कापडाचे व्यापारी. नाही म्हणायची त्यांची रीत गोड होती. "उदगीर जिल्हा होऊ दे. समदं इथंच येतंय. मग परमुलखात कशाला जातीस?" नवा जिल्हा होणार, होणार म्हणत दिवस गेले. अक्का गावातल्या क्लासात टायपिंग शिकवत राहिली. मग अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच वारलेली. जाण्याचा विषयच मिटला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले. उदगीरलाही टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, त्यामुळं तिला गल्लीच्या टोकापर्यंतही जाता येईना. क्लास सुटलाच होता. "मी टँकरची वाट बघून राहिले, आन् अप्पा माझी," ती म्हणाली.

अप्पा डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करत नसत, तोंड फिरवत. म्हणून तिनं लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून जुना प्रोजेक्टर आणला आणि कॅमेरा त्यांच्या उजव्या हातावर लावला. बोट नुसतं थरथरलं तरी रेघ उमटावी, इतका प्रोग्रॅम हळवा केला. माझ्यासमोर अप्पांची करंगळी जराशी हलली. पलंगासमोरच्या भिंतीवर हिरवी रेघ निघाली, तिला फाटे फुटले. अप्पा बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा जोर लावला. लाइट जाईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

मी ते मोबाइलवर टिपलं आणि तिला विचारून बंगळूरच्या त्या स्टुडिओला पाठवलं. त्यांनी तिला पुन्हा बोलावलं. अक्का गेली नाही.

पुढं अप्पा वारले. अक्का अजून उदगीरलाच आहे. अप्पा गेल्यावर मी भेटायला गेले तेव्हा त्या दुसऱ्या बोलावण्याचा विषय तिनंच काढला.

"अप्पांना मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी बोट उचललं आन् दाराकडं धरलं. मी विचारलं, दार लावू का? ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. मला कळलं होतं गं. तरी मी उठले आन् दार लावून घेतलं."