केरू मरवडेची ओतीव गिटार

मला राग लवकर येतो. रोह्यात चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि मुलांनी माझं पाठीमागे काय नाव ठेवलं होतं तेही मला ठाऊक आहे. पण केरू मरवडेबद्दल लिहायला बसलं की जो राग येतो तो लवकर उतरत नाही, कारण त्यात मीही सापडतो.

केरू रोह्याजवळच्या खांब गावचा. घरी भात आणि वाल. सतराव्या वर्षी पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला आणि तीस वर्षं त्याने एकच काम केलं, ओतकाम. प्लास्टर कालवायचं, काथ्याचे झुपके त्यात बुडवायचे, साच्यात सोडायचं, साचा उघडायचा. पुन्हा तेच. गिऱ्हाईक कारखान्यात येतं आणि मूर्तीचे डोळे बघतं. डोळ्यांची आखणी कोणी केली ते विचारतं, त्या कारागिराबरोबर फोटो काढून घेतं. ज्याने मूर्तीला पोट दिलं, पाठ दिली, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मालक तर त्याला नावानेही हाक मारत नसे. ‘ए खांब’ म्हणायचा. तीस वर्षं एका माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाका मारायच्या आणि वर तो घरचाच माणूस आहे म्हणून सांगायचं, याला काय म्हणावं? केरू नुसता हसायचा. ओतायला काय अक्कल लागते सर, असं मलाच समजावायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याची मुलगी शांती माझी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिने रोह्यातच रघुनाथच्या दुकानात काम धरलं. हा रघुनाथ माझा वर्गमित्र. घरची जमीन, बाजारात दुकान, स्पीकर आणि दिवे भाड्याने द्यायचा धंदा, शिवाय स्वतःचा ऑर्केस्ट्रा. शांतीने फोन घ्यायचे, कोणत्या मंडळाला कोणते स्पीकर गेले ते लिहायचं. दुपारी दुकान सुनं असे तेव्हा ती भिंतीवरची इलेक्ट्रिक गिटार काढून, आवाज न जोडता, तारा छेडत बसायची. कोणी शिकवलं नाही. मोबाइलवर बघायची, ऑर्केस्ट्राच्या तालमीत जगनची बोटं बघायची. जगन म्हणजे रघुनाथचा भाचा आणि ऑर्केस्ट्राचा गिटारवाला. दोन वर्षांत ती जगनपेक्षा बरं वाजवायला लागली. हे मी कौतुकाने म्हणत नाही, माझे कान शाबूत आहेत.

एका जुलैमध्ये भर पावसात टेम्पोची ताडपत्री फाटली आणि तीच गिटार भिजली. धड प्लायवुडचं होतं, ते फुगून उकललं. रघुनाथने शांतीला सांगितलं, भंगारात टाक. तिने ती खांबला नेली. दांडा सरळ होता, तारांखालचे, सूर पकडणारे पिकअप चालत होते, नुसतं धड गेलं होतं. तिने रघुनाथला विचारलं, मी ही नीट करून आणली तर नवरात्रात मला वाजवू द्याल का? तो म्हणाला, आण तर खरी. असलं वचन देताना माणसाला काही जड जात नाही, कारण समोरची मुलगी ते पुरं करील असं त्याला स्वप्नातही वाटत नसतं.

शांतीने बापाला धड दाखवलं. केरूने ते उलटंपालटं केलं आणि म्हणाला, हे ओतता येईल.

प्लास्टर चालणार नव्हतं, पहिल्याच ताणाला तुटलं असतं. केरूचा मावसभाऊ शिवा कंपन्यांमध्ये फरशीवर एपॉक्सी ओतायच्या कामावर जायचा. त्याच्याकडे उरलेलं रेझिन आणि हार्डनर होतं. दोन्ही मोजून मिसळलं की ते काचेसारखं घट्ट होतं. गणेश चतुर्थीला पेणचे कारखाने एका दिवसात ओस पडतात, सगळ्या मूर्ती गेलेल्या असतात. त्या रिकाम्या कारखान्यात केरूने फुटक्या धडाच्या भेगा मातीने बुजवल्या, त्यावरून रबराचा साचा काढला आणि सगळं रेझिन एकदम ओतलं.

आता प्लास्टरचं असं असतं की ते घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. ओतकाम करणारा साच्याला तळहात लावून बसतो. ऊब आली की समजायचं, माल धरला. केरूने तसाच हात लावला. ऊब आली, तो खूश झाला. ऊब वाढली, तो आणखी खूश झाला. फरशीवर पातळ पसरायचं रेझिन साच्यात चार बोटं जाड ओतलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मी विज्ञान शिकवणारा माणूस, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तीस वर्षांच्या हाताला कोण विचारायला जातो? थोड्या वेळाने हात भाजला, मग धूर निघाला, मग आतून तडतड आवाज येत सगळं धड पिवळं पडून फाटलं. वासाने मालक धावत आला. ‘खांब, मूर्तीच्या जागेत हे कसलं विष पेटवलंस?’ म्हणाला आणि साचा बाहेर फेकायला लावला. केरूने खाली मान घालून फेकला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या तळव्यावर फोड होते, आणि तरीही तो मालकाचीच बाजू घेत होता.

दुसरा साचा त्याने घरी, खांबला पडवीत केला. तोवर पितृपंधरवडा लागला होता. त्या पंधरा दिवसांत कोणी नवं काही सुरू करत नाही. त्याची बायको बायजा पडवीत पाऊल ठेवीना. पण कारखान्याला सुट्टी तेव्हाच असते, केरूला दुसरा पंधरवडा कुठून मिळणार? या वेळी मी शेजारी उभा होतो. बोटभर थर ओतायचा, तो निवून कडक होईपर्यंत हात लावायचा नाही, मग दुसरा. असे चार. प्रत्येक थरात केरूने सवयीने काथ्या पसरला. मी म्हटलं, अरे हे प्लास्टर नाही. तो म्हणाला, काथ्याशिवाय ओतलेलं मला उभं राहील असं वाटत नाय. मी वाद घातला आणि हरलो.

साचा उघडला. पातळ मधाच्या रंगाचं धड, आरपार दिसणारं, आणि त्याच्या आत काथ्याचे धागे जागच्या जागी थांबलेले. वजनाला धोंडा. शांतीने दांडा बसवला, मागून चार स्क्रू पिळले, पिकअपच्या तारा मी झाळून जोडल्या. माझ्या घरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून तिने पहिला सूर छेडला आणि तो किती वेळ टिकला म्हणून सांगू! प्लायवुडच्या धडातून तसा सूर कधी निघाला नव्हता. केरू दारात उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून तो अंगणाकडे बघत होता.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला रोह्यात कार्यक्रम होता. आदल्या दिवशी शांतीने गिटार दुकानात नेऊन दाखवली. रघुनाथ चाट पडला. त्याने दहा जणांना बोलावून ती दाखवली, धड उजेडासमोर धरून बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की रघुनाथने काचेची गिटार बनवून घेतली. बनवून घेतली! हे ऐकल्यावर मी केरूला फोन केला आणि उद्या काहीही झालं तरी ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही दोघं मांडवात पोहोचलो. स्टेजवर जगन गळ्यात केरूची गिटार अडकवून उभा होता. शांती कुठे दिसेना. मी रघुनाथला विचारलं, हे काय? तो हसत म्हणाला, मुलगी स्टेजवर गिटार घेऊन उभी राहिली तर लोक गाणं ऐकतील की तिला बघत बसतील? आणि गिटार तर माझीच आहे ना, दांडा माझा, पिकअप माझे, धड काय, केरूने हौसेने ओतून दिलं. केरू माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्याशी रघुनाथ एक शब्द बोलला नाही.

मी केरूकडे बघितलं. तो खाली बघत होता, मालकासमोर बघायचा तसाच. मग मात्र माझं डोकं फिरलं. त्याला बाजूला ओढून मी म्हटलं, तीस वर्षं मूग गिळून बसलास, आता पोरीच्या वेळीही बसणार आहेस? आज बोलला नाहीस तर माझ्या दारात येऊ नकोस. आणखीही पुष्कळ बोललो. अ‍ॅम्प्लिफायर बघायला म्हणून मी हत्यारांची पिशवी आणली होती. ती माझ्या हातात होती.

केरू बोलला नाही. त्याने माझ्या पिशवीतून पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेतला, स्टेजवर चढला, जगनच्या गळ्यातून गिटार काढून घेतली आणि पालथ्या खोक्यावर ठेवली. सहाही तारा पक्कडीने कापल्या. पिकअप उपटले. मागचे तीन स्क्रू काढले. चौथा अडकला. ज्याने उभ्या जन्मात साचा कधी जोराने ओढला नाही, कडा मोडू नये म्हणून अर्धा अर्धा तास बोटांनी सोडवत बसला, त्या माणसाने गुडघ्याखाली धड दाबून दांडा हिसडला. कट्ट झालं. दांडा सुटला, आणि धडाला खाचेपासून मधोमध उभी भेग गेली.

त्याने दांडा रघुनाथच्या हातात दिला, वर पिकअप ठेवले.

‘तुमचा हाय तो घ्या,’ तो म्हणाला. ‘माझा मी नेतो.’

खरं सांगतो, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या मांडणाऱ्या दोघांनीही वाजवल्या. रघुनाथचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. केरू भेगाळलेलं धड छातीशी धरून स्टेजवरून उतरला, ताठ मानेने. त्याला तसा चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मांडवाच्या मागच्या बाजूने शांती आली. केस विंचरलेले, पांढरा कुर्ता, हातात गिटारचा पट्टा. तिने धड बघितलं. मग रघुनाथच्या हातातला दांडा बघितला.

‘दोन गाणी माझी ठरली व्हती,’ ती म्हणाली. ‘जगनदादाशी मी सकाळीच बोलले. तीन तो वाजवणार, दोन मी. रघुनाथमामांना कळायच्या आत मी वर चढणार व्हते.’

जगन स्टेजवरून म्हणाला, व्हय, खरं हाय.

तिने बापाकडे बघितलं.

‘बाबा, तू मला इचारलंस काय?’

मग ती माझ्याकडे वळली. ती मला काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. मी मोठ्या आवाजात जगाला शिकवत फिरणारा माणूस, रघुनाथला जाब विचारला, केरूला भरीला घातलं, पण जी वाजवणार होती ती कुठे आहे हे शोधायला मांडवाच्या मागे चार पावलं गेलो नाही. ती मुलगी दोन वर्षं आवाज न जोडता वाजवत आली होती. तिने रघुनाथलाही गुंडाळलं होतं, स्वतःच्या डोक्याने, आरडाओरडा न करता. आणि ते आम्ही दोघांनी मोडलं. रघुनाथने नाही, आम्ही. अजून हे आठवलं की मी स्वतःला शिव्या घालतो.

कार्यक्रम वेळेवर झाला. जगनने कुठून तरी गिटार मागून आणली आणि पाचही गाणी त्यानेच वाजवली. शांतीचं नाव यादीत कधी नव्हतंच, त्यामुळे ते गाळावंही लागलं नाही.

आम्ही तिघं एस.टी. स्टँडवर खांबच्या गाडीची वाट बघत बसलो. केरूच्या मांडीवर धड होतं. त्याची मान पुन्हा खाली गेली होती. भेगेवरून बोट फिरवत तो म्हणाला, साचा हाय, दुसरी वतीन गो, चार दिवसांत.

‘आधी मला इचार,’ शांती म्हणाली.

केरूने तिथेच, माझ्यादेखत, पहिल्यांदा विचारलं, ‘वतू काय?’ गाडी आली. दोघं चढले. त्याला दोन वर्षं झाली. रबराचा साचा पडवीत तसाच पडून आहे आणि ती अजून हो म्हणालेली नाही.