घणआबांनी कान लावलेला दगड

घणआबा दगडावर पाय ठेवण्याआधी चपला काढत. मग वाकून त्याला कान लावत. येरमाळ्याकडच्या खाणीत त्यांचा जन्म घण चालवण्यात गेला, म्हणून आमच्या वस्तीनं त्यांना हे नाव दिलं होतं. मी मात्र खाण कधी पाहिली नव्हती. वडील अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं छापून आणत, मी दारोदार वाटे. जे छापलेलं नाही ते ज्ञानच नाही, असं विसाव्या वर्षी मला खरोखर वाटत होतं.

आबांना अक्षर येत नव्हतं. पण विहारावर दरवर्षी पंचशील ध्वज चढवायचा मान त्यांचा. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत गेले. आबा हसून सांगत, "देव गेले, दगड ऱ्हायले. दगड लई कामाचे."

तीन वर्षांपूर्वी वस्तीची गाडी सहलीला कोकणात गेली. आबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला, पण पाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. किनाऱ्यावर काळ्या दगडाचे सहाकोनी खांब कुणी रचल्यासारखे उभे होते. काहींना मधाच्या पोळ्यासारखी भोकं. कुणीतरी त्यांना कुंकू लावलं होतं. आबांनी चपला काढल्या, वाकले आणि एका खांबाला गाल टेकवला.

माझं डोकं फिरलं. मी फोटो काढला. आबा वळून मला काहीतरी सांगू लागले, पण मी वहीत मथळा लिहीत होतो: 'दगडापुढे वाकलेली मान'.

पत्रक फोटोसकट निघालं. नाव घातलं नव्हतं, घालायची गरजही नव्हती. त्या वर्षी ध्वजाची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. आबा मागच्या रांगेत बसले आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्यांच्या घड्या घालून घरी गेले. मी त्याला माझा विजय समजलो.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांचा निरोप पोचवायला खाणीवर गेलो. तिथं आबांसह पाच-सहा माणसं अनवाणी, दगडाला कान लावून, हातोडीनं हलकेच ठोकत होती. आबांनी सांगितलं, अनवाणी पायाला बारीक चीर कळते. भरीव दगड खणखणतो, फुटका बद्द वाजतो. न ऐकता घण घातला तर कपार सुटून अंगावर येते.

मी किनाऱ्यावरच्या खांबांचं विचारलं.

"आपलाच दगड त्यो. भुईतला तापलेला रस निवताना आकसला आन् भेगाळला, उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तसा. भोकं म्हंजी लोणा. भिंतीत मीठ वाळतं आन् भिंत पोखरतं न्हाय का? तितं समुद्राचं मीठ."

घरी येऊन मी ते पुस्तकात पडताळलं. तेच होतं. तेव्हाही पडताळावंसं वाटलं, याची आज वेगळी लाज वाटते.

त्या दिवशी खाणीत मी मान खाली घालून म्हणालो, "आबा, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतच व्हतो की," ते म्हणाले. "तू लिवीत व्हतास."

दुरुस्तीचं पत्रक काढतो, असं मी त्यांना कबूल केलं. काढलं नाही. सगळ्या जगाच्या चुका मी बेधडक छापल्या. माझी एक छापायला मला धीर झाला नाही. ध्वजाची दोरी आबांच्या हातात परत आली नाही, आणि या हिवाळ्यात आबा गेले.

आता हे लिहिलं आहे. वस्तीतल्या प्रत्येक दारात मी स्वतः देणार आहे. पण आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांना हे मी समोर बसून वाचून दाखवायला हवं होतं.