शेखचाचांचं स्टूल

शेखचाचा कुणाच्याही हातात काही देत नसत. चहाचा कप असो, मोजायची टेप असो, ती वस्तू ते केबिनबाहेरच्या लोखंडी स्टुलावर ठेवायचे, मागं सरकायचे आणि म्हणायचे, "उचला, मॅडम." मला हे पहिल्याच दिवशी बरं वाटलं. अनोळखी माणसाशी बोलताना मी वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते; तोवर समोरच्याचा धीर संपतो. चाचांना घाई नसायची.

नगरच्या जुन्या औद्योगिक भागात, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेवर आमचं काम चाललं होतं. तिथं लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देत. त्याचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेलं. भिंतींच्या बुडाशी पिवळे डाग दिसायचे. आता तिथं फ्लॅट होणार होते. त्याआधी विषारी माती खणून, झाकलेल्या ट्रकमधून दूर नेऊन तिची विल्हेवाट लावायची होती. मी माती तपासायचे, चाचा मजुरांवर आणि गेटवर लक्ष ठेवायचे. बूट धुतल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नसत. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "मग पाय हितंच ठिवून जा. घरी नवे घ्या." दुपारी मी केबिनमध्ये जेवायचे, ते बाहेर भिंतीच्या सावलीत. माझी भाड्याची खोली होती, तिथं मी एकटी. त्यांच्याही घरी कुणी नव्हतं. याबद्दल आम्ही बोलत नसू.

घटस्थापना जवळ आली तशा मागच्या वस्तीतल्या बायका टोपल्या घेऊन गेटवर आल्या. त्यांच्या गल्लीत सगळीकडे सिमेंट झालेलं. पत्रावळीवर पसरून धान पेरायला लागणारी माती त्या दरवर्षी या पडक्या आवारातूनच न्यायच्या.

"टोपलीभर तर माती, चाचा. तुमी ट्रकच्या ट्रक फेकून देताय की."

"ही न्यायची न्हाई."

मी पुढं होऊन म्हणाले, "ही माती दूषित आहे. यात क्रोमियमचं प्रमाण…" एकीला हसूच आलं. पुढं उभी असलेली सुमनताई चाचांना म्हणाली, "आमच्या घटाला द्यायची नसंल तर तसं सांगा. या पोरीला कशाला पुढं करताय?"

चाचांनी मान खाली घातली. "उद्या सांजच्याला या. माती देतो. पर ही न्हाई." आणि गेट लावून घेतलं.

नंतर बराच वेळ ते बूट धुवायच्या नळाशी उभे होते. मग माझ्याकडे न बघता बोलले. "मी हितंच क्रोमच्या टाकीवर कामाला हुतो, मॅडम. कपडे घरी न्यायचो. बायको हातानं धुवायची. तिच्या बोटांना जखमा झाल्या त्या भरल्याच न्हाईत. ती म्हणायची, साबन खराब हाय. मी साबन बदलत राहिलो." नळ घट्ट पिळत म्हणाले, "लई साबन बदलले."



दुसऱ्या दिवशी दुपारी ते कर्जतहून दुधाच्या टेम्पोत बसून आले. भावाच्या शेतातली माती पोत्यांत भरून आणली होती. पोती उतरवून मला म्हणाले, "तपासा."

"शेतातली आहे ना, चाचा?"

"तपासा. हितली बी दिसायला चांगलीच हुती."

हातातलं यंत्र मी एकेका पोत्याला लावत गेले. ते मागं उभे राहून यंत्राच्या पडद्याऐवजी माझा चेहरा पाहत होते. ही माती चालली नाही तर बायका अंधारात भिंतीवरून उतरून आवारातली मातीच नेणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"चांगली आहे," मी म्हणाले.

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी पोती गेटबाहेर नेऊन ठेवली आणि स्वतः लांब भिंतीशी जाऊन उभे राहिले. संध्याकाळी बायका टोपल्या घेऊन आल्या.

"एवढ्या लांबनं आणली व्हय?" सुमनताईचा आवाज उतरला होता.

"लांब कुठं, कर्जत तर हाय."

दसऱ्याला ती त्यांना सोनं द्यायला आली. आपट्याची पानं तिनं पुढं केली. चाचांचे हात पाठीमागंच राहिले. "ठिवा तिथं, ताई." तिनं पानं स्टुलावर ठेवली, क्षणभर घुटमळली आणि गेली. ती दिसेनाशी झाल्यावर चाचांनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि मग पानं उचलून खिशात ठेवली.

काम संपलं. खड्डे चांगल्या मातीनं भरले, मजूर गेले. चाचा कर्जतला भावाकडे कायमचे निघाले होते. गेटची किल्ली आता माझ्याकडे राहणार होती. मी कधी कुणाला पटकन हात पुढं करत नाही. त्या दिवशी तळहात उघडून त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग किल्ली स्टुलावर ठेवली आणि मागं सरकले.

"उचला, मॅडम."

मी उचलली. त्यांच्या मुठीत असल्यानं ती अजून गरम होती.