रविराजच्या नोकरीचा दुखवटा

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात, एका काचेच्या इमारतीतली रविराजची नोकरी मंगळवारी गेली आणि शनिवारपासून हार्लेममधल्या त्याच्या घरी माणसं दुखवट्याला यायला लागली.

कोणी ठरवलं नव्हतं. आपल्या लोकांचे पाय वाईट बातमीकडे आपोआप वळतात, एवढंच. दारात बूट सुटत, हलक्या आवाजात जय भीम होई आणि मंडळी सोफ्यावर बसून जमिनीकडे बघत.

"कसं झालं?" कोणीतरी विचारी.

"ऑनलाइन मीटिंगमध्ये. दहा मिनिटांत आटोपलं."

"मॅनेजर शेवटचं काही बोलला?"

"नाही हो. कॅमेरासुद्धा बंद होता त्याचा."

कॅमेरा बंद होता म्हटल्यावर बायकांचे डोळे भरून येत. रविराजची बायको यामिनी चहा घेऊन आली की सगळ्या तिला बजावत, "त्याला जप हं आता."

यामिनी जपत होतीच. कंपनीने कृपाळूपणे एक कोच दिला होता. त्याच्या सल्ल्यावरून रविराज रोज सकाळी डोळे मिटून ऑफिसच्या खुर्चीचा निरोप घेई. तेवढा वेळ घरात व्हॅक्युम क्लीनर लावायला बंदी होती.

आता यामिनीचं ऐका. नागपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती चांगल्या हुद्द्यावर होती. सहा वर्षांपूर्वी ते सोडून नवऱ्यामागे इथे आली. डच शिकली, अर्ज करत राहिली. एका मुलाखतीहून परतताना ट्रेनमध्ये तोंड खिडकीकडे करून रडली. तेव्हा तिच्यासाठी कोणी साधी बटाट्याची भाजी घेऊनही आलं नाही. नवऱ्याची नोकरी गेली की ती जाते. बायकोची गेली की त्याला शिफ्ट होणं म्हणतात. आपलीही गेली आहे, हे कोणीतरी एकदा मान्य करावं, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या शनिवारी रविराजचा मित्र अभिजित आपल्या आईला, राधाबाईंना घेऊन आला. त्या अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. अभिजितला आकड्यांची आवड.

"अ‍ॅमस्टरडॅम पट्ट्यात बेरोजगारी वाढतेय, वहिनी. आयटीत तर ट्रेंडच आहे," तो म्हणाला. आपण ट्रेंडमध्ये आहोत हे ऐकून रविराज जरा ताठ बसला.

"त्यात मी आहे का हो?" यामिनीने विचारलं.

"तुम्ही घरी असता ना. काम शोधणारेच मोजतात."

"मी शोधतेय."

"हो, पण..." म्हणून अभिजितने चिवड्याचा बकाणा भरला.

तेवढ्यात फोन वाजला. घरोघरच्या रोजगाराची पाहणी करणारी बाई होती. रविराजने सवयीने स्पीकर लावला आणि आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं, बेकार एकच, मी. पत्नी? ती घरी असते.

हे त्याने इतकं सहज सांगितलं की यामिनीने ट्रे खाली ठेवला आणि फोन ओढून घेतला.

"दोन लिहा," ती डचमध्ये म्हणाली.

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?"

"परवाच अर्ज केलाय."

"मिळालं तर कधीपासून जाल?"

"उद्यापासून."

मग बाईने आधी काय करत होतात असं विचारलं आणि यामिनी बोलतच सुटली. विहिरी, फ्लोराइड, पिवळे दात घेऊन शाळेत बसणारी पोरं, तिच्या अहवालावरून बंद झालेले हातपंप. बाईने मधे तोंड घातलं नाही.

फोन ठेवल्यावर रविराज हळूच म्हणाला, "तू अजून शोधत होतीस?"

यामिनी समोरच्या दिवाणावर जाऊन बसली. राधाबाईंना डच कळत नव्हतं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"मलाही धरलं त्यांनी. बेकारांत."

राधाबाई रविराजच्या शेजारून उठल्या आणि यामिनीजवळ येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "फार त्रास झाला असेल, बाई."

"हो," यामिनी म्हणाली. "खूप झाला."