एकाच वेळी दोन मॅच आणि एक बारसं

मी आखाडा बाळापूरच्या क्रिकेट टीममध्ये नाही, कधीच नव्हतो. तरीही गेल्या वर्षीचा कप माझ्यामुळे गेला, असं माझ्या गावाचं म्हणणं आहे आणि माझ्या सासरचंही. या दोन गावांचं एकमत झालेली माझ्या माहितीतली ही एकमेव गोष्ट.

हिवाळ्यात आमच्याकडे गावागावांच्या टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला कप. गेल्या वर्षी सगळ्यांची एकेक मॅच उरली तेव्हा बाळापूर आणि हट्टा बरोबरीला होते. सिद्धेश्वरची टीम एका विजयाने मागे होती, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. हट्टा ही माझी सासुरवाडी आणि माझा मेहुणा बालाजी त्यांचा विकेटकीपर. (घरी त्याच्या हातून पाण्याचा तांब्या हमखास सुटतो, मैदानात बॉल सुटत नाही.)

वेळापत्रक आलं. आमची मॅच शनिवारी, हट्ट्याची सिद्धेश्वरशी रविवारी दुपारून. मी रफीकभाईंच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभा राहून जाहीर केलं की हा सरळसरळ अन्याय आहे. आपण शनिवारी खेळून बसणार आणि हट्टेवाले आपला स्कोअर बघून, किती धावांनी जिंकायचं ते ठरवून उतरणार! रफीकभाई आमचे कप्तान. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत ते शांतपणे म्हणाले, "आपण आदी जिंकलो तर टेन्शन त्यांनाच ना? राहू द्या बराबर हाये ते."

त्यांनी हे समजावून सांगितलं, तरी मी पंचांच्या बैठकीला गेलोच. तिथे मी जे भाषण केलं, तसं मी माझ्या लग्नाच्या बोलणीतही केलं नव्हतं. दोन्ही मॅचेस एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू झाल्या पाहिजेत, रविवारी सकाळी अकरा वाजता, असा आग्रह धरला. बालाजी हट्ट्याकडून आला होता. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत म्हणाला, "दाजी, रविवारी सकाळी? तुमाला म्हाईत हाये ना?"

मला त्यात डाव दिसला. मी म्हणालो, "माहीत आहे म्हणूनच म्हणतोय."

बालाजीचा चेहरा पडला. पंचांनी माझं म्हणणं मान्य केलं आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो. बायको, मंगल, झबलं-टोपडं पिशवीत भरत होती.

"रईवारी लवकर निघू," ती म्हणाली. "बालाजीच्या लेकराचं बारसं अकराला हाये."

हे तिने मला आधीही सांगितलं होतं म्हणे. मी 'हं' असं उत्तरही दिलं होतं. (मी त्या वेळी मोबाईलवर मॅच बघत होतो. मॅच बघताना मी घर विकायलाही 'हं' म्हणेन.) मी भीत भीत सगळा प्रकार सांगितला. मंगलने टोपडं खाली ठेवलं. "म्हंजे माझ्या भावाला खेळता येऊ नये म्हणून तुमी त्याच्या लेकराच्या बारशाची येळ धरली?" मी शपथेवर सांगितलं की मी विसरलो होतो. तिने विचारलं की बैठकीत बालाजीला 'माहीत आहे म्हणूनच' असं कोण म्हणालं.

गावात मात्र माझी कॉलर ताठ! रफीकभाई म्हणाले, "मानलं तुमाला. कीपरच घरी बसवला." खरं सांगायला हवं होतं. मी नुसतं गूढ हसलो.

रविवारी हट्ट्याच्या घरी माझं स्वागत दुधात तोंड घालताना सापडलेल्या मांजरासारखं झालं. सासूबाईंनी चहा दिला, पण साखर विसरल्या. बालाजी नवा सदरा घालून पाळण्याजवळ बसला होता आणि मैदानाकडून येणाऱ्या आवाजाला कान लावत होता. मी खिशातून हळूच मोबाईल काढला, त्यावर आमची मॅच लाइव्ह चालू होती. थोड्या वेळाने बालाजी माझ्या बाजूला सरकला. त्याने मान पुढे केली. मी मोबाईल त्याच्याकडे कलता धरला. भांडण जागेवर होतं, डोकी मात्र एकमेकांना टेकली.

आमच्याशी खेळणाऱ्या टीमचा सलामीचा पोरगा सुटला होता. चौकारावर चौकार लावून राहिला होता. इकडे पाळणा म्हणून झाला. मंगल आत्या म्हणून बाळाच्या कानाशी वाकली. बायकांनी आवाज बंद केले. तिने 'कुर्रर्र' केलं, आणि तेवढ्यात रफीकभाईंनी त्या पोराचा दांडा उडवला.

"गेला! गेला!" मी उभा राहून ओरडलो.

 एक म्हातारी 'काय बाई अभद्र' म्हणून पदराने तोंड झाकून बसली. सासूबाई मीठ-मोहऱ्या आणायला आत धावल्या. बाळाने गळा काढला. मंगलने माझ्याकडे जे पाहिलं, त्यासाठी अजून मराठीत शब्द झालेला नाही. बालाजी मोबाईलकडे बघत हळूच म्हणाला, "दाजी, नो-बॉल हाये."

त्या पोराने पुढे मॅच काढली आणि आम्ही हरलो. हट्ट्याच्या बदली कीपरच्या पायांमधून एवढे बॉल गेले की सिद्धेश्वरवाल्यांना बॅट फिरवायची तकलीफच उरली नाही. हट्टेवालेही हरले. सिद्धेश्वर बरोबरीला येऊन रनरेटवर पुढे गेलं आणि कप घेऊन गेलं. हट्टेवाले म्हणाले, तुमी कीपर बसवला. बाळापूरवाले म्हणाले, शनिवारी त्या पोराला दुसऱ्या गावी लग्नाला जायचं होतं, तेव्हाच खेळलो असतो तर तो आलाच नसता. येताना मोटारसायकलवर मंगल एक शब्द बोलली नाही. मी दोनदा आरशात बघून ती मागे आहे याची खात्री केली.

बाळ छान आहे. चांगलं गुटगुटीत झालं आहे.

यंदा वेळापत्रक करायच्या आधी पंचांचा घरी फोन आला. मी उत्साहाने हात पुढे केला. त्यांना मंगलशी बोलायचं होतं. सगळ्या तारखा ऐकून घेत ती शांतपणे म्हणाली, "कोणताबी दिवस धरा. फक्त आमच्या ह्यांना बैठकीला बोलावू नका."